जोह्यात खोडलेलं पान

गावच्या वाचनालयाच्या अंकासाठी "पुण्यात असतेस, कुठं फिरली असशील तर लिहून पाठव" असा निरोप आला, तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. आठवीत शाळा सुटलेली बाई मी. माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा काही भरवसा नाही. शिवाय सहा वर्षांत मी फिरून आले ती जागा एकच, आणि तिथं मी एक चूक करून आले. पण आपल्या हिंगोलीकडच्या फारशा लोकांनी पेण-रोहा पाहिलेलं नसणार. म्हणून जे पाहिलं ते सांगते, आणि जे केलं तेही सांगते.

आधी माझ्या कामाबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचं ऑफिस म्हणजे तीन खोल्या. मी तिथं चहा करते, झेरॉक्स काढते, फायली लावते. ऑफिस चालवतात त्या अनघा मॅडम, पीएचडीच्या डॉक्टर. त्यांनी मला कामाला ठेवलं तेव्हा माझ्याकडं रेशनकार्डाशिवाय दुसरा कागद नव्हता. हे मी विसरत नाही. ऑफिसचं काम असं, की दिल्लीला खासदारांच्या समित्या असतात, त्यांना रोज नव्या यंत्रांवर कायदे करावे लागतात. यंत्र विकणारा सांगतो, सगळं उत्तम आहे. सरकारी खातं सांगतं, सगळं आमच्या लक्षात आहे. मग ज्याला त्यात मिळवायचं नाही आणि गमवायचंही नाही असं कुणीतरी जाऊन बघावं लागतं, यंत्रानं माणसांचं काय होतं ते माणसांनाच विचारावं लागतं, आणि खासदारांना कळेल अशा भाषेत लिहून द्यावं लागतं. असं कुणीतरी म्हणजे आम्ही. "आपण खासदारांना काय करा ते सांगत नाही," मॅडम म्हणतात. "काय आहे ते सांगतो. त्यात एक शब्द जास्त नको आणि एक कमी नको."

या वेळचा विषय होता, कारागिराच्या हाताकडं बघून त्याचं काम शिकणारी यंत्रं. मॅडम म्हणाल्या, "शोभाताई, तुम्ही चला. बायका माझ्याशी बोलत नाहीत, नुसत्या हसतात." मी तीन दिवस आधीपासून पिशवी भरत होते. पेनं पाच घेतली.

पेण

जानेवारी होता. खोपोलीचा घाट उतरलो आणि हवाच बदलली. आपल्याकडच्या थंडीत ओठ फुटतात. इथं अंगाला ओलं फडकं लावल्यासारखं वाटतं. कोकण म्हटल्यावर समुद्र दिसेल म्हणून मी खिडकीशी नाक लावून बसले होते. समुद्र काही दिसला नाही. दिसली ती खाडी, आणि खाडीकडेला मिठागरं. चौकोन चौकोन आखलेलं पाणी आणि मधे पांढरे ढीग. मला आधी कापूसच वाटला. ड्रायव्हर हसून म्हणाला, "ताई, वेचायला उतरू नका, जीभ सोलून निघेल."

पेणला गच्चीगच्चीवर पापड वाळत होते. सकाळी पोह्यांबरोबर भाजलेला पापड आला, तोही न मागता. दुपारी तांदळाची भाकरी खाल्ली. पांढरी, मऊ, घडी घातली तरी मोडत नाही. चवीला छान. पण दोन खाऊनही मला जेवल्यासारखं वाटेना. ज्वारीचं पोट आहे, त्याला कोण समजावणार! सोबत जवळ्याची, म्हणजे बारीक सुक्या मासळीची, चटणी होती. वासानं मी घाबरले, चवीनं शरमले, आणि दुसऱ्यांदा मागून घेतली.

जोहे

पेणहून जोहे बसनं जवळ आहे. भातखाचरं कापून मोकळी झालेली, त्यात वाल पेरलेला, आणि बांधाला लागून गणपतीचे कारखाने. तिथं कारखानाच म्हणतात. गणपती भाद्रपदात येतो हे आपण समजतो. इथं तो बारा महिने आहे. पत्र्याच्या शेडमध्ये रांगाच्या रांगा, पांढरे, बिनरंगाचे, बिनडोळ्यांचे. मी आत शिरताना पदर खोचला होता, तसेच हातही जोडले.

कारखान्याचे मालक नरेशशेठ स्वतः बाहेर आले. (इथून पुढं माणसांची नावं मी बदलली आहेत.) पंचेचाळिशीचे, बोलायला मोकळे. आतल्या खोलीत प्लास्टिकखाली यंत्र होतं. एक लोखंडी हात, त्याला ब्रश, वर कॅमेरा. मूर्ती पुढं ठेवली की ते डोळे काढतं. डोळे काढण्याला इथं आखणी म्हणतात आणि ते सगळ्यात वरचं काम. रंग कुणीही मारील, आखणी दहातला एक करतो.

"यंत्र माझं नाय," शेठ मॅडमना म्हणाले. "कंपनीनं ट्रायलला ठेवलंय. मी नको म्हटलं तर शेजारचा घेईल. मग मी काय गणपतीला सांगू, बाबा यंदा जरा उशिरा ये?"

"यंत्र कुणाचा हात बघून शिकलं?"

"आमच्याच बायांचा. सगळ्यांना विचारूनच केलं."

मॅडमनी ते लिहून घेतलं आणि शेठना वाचून दाखवलं. आमच्याकडं हा नियमच आहे. ज्याचं बोलणं त्याला वाचून दाखवायचं, दुसऱ्या कुणालाही नाही. त्यानं काढ म्हटलं की काढायचं, का ते विचारायचं नाही.

मग मॅडम यंत्रापाशी थांबल्या आणि मी बायकांच्या शेडमध्ये गेले. गेले म्हणजे काय, शिरता शिरता मागं सरकले आणि एका गणपतीच्या ओल्या पितांबराला टेकले. पाठ पिवळी झाली. मला रडूच यायचं बाकी होतं. बायका मात्र पोट धरून हसायला लागल्या.

"देवानं धरली गो तुला! आता जाशील कशी?"

"नवसाची दिसते."

"अगो, तो डाग निघायचा नाय. साडी गेली समज."

हसणाऱ्यांत एक बाई हसत नव्हती, कारण तिच्या ब्रशाखाली डोळा होता. तो पुरा होईपर्यंत तिनं श्वास धरला. मग ब्रश पाण्यात बुडवून माझ्याकडं वळली. "रॉकेल लाव, निघल. कुठची गो तू?" या मंदाताई. पन्नाशीच्या आतबाहेर, बारा-पंधरा वर्षं आखणी करणाऱ्या. शाळा तिसरी. मी आठवी म्हटल्यावर म्हणाल्या, "मग तू आमची मास्तरीन." गो म्हटलं की मला आधी दचकायला व्हायचं, आपल्याकडं असं कुणी हाक मारत नाही. दुपारपर्यंत मला ते आवडायला लागलं.

जेवणाच्या सुट्टीत त्या मला बांधावर घेऊन गेल्या आणि आपणहून बोलल्या. दोन वर्षांमागं कंपनीची माणसं स्टँडवर कॅमेरा लावून गेली. मंदाताईंच्या मनगटाला तारा लावलेली पट्टी बांधली. गिऱ्हाइकांना दाखवायला फिल्म करतोय, असं सांगितलं. "मी नवी साडी नेसून आले व्हते गो. पावडर लावली. हातच घेतला फकस्त, तोंड घेतलंच नाय." मग यंदा यंत्र आलं. त्यानं पहिला डोळा काढला आणि मंदाताईंनी तो ओळखला. त्यांच्या अंगठ्यावर विळ्याचा जुना वार आहे, तिथं ब्रश टेकला की डाव्या डोळ्याचं टोक केसभर वर जातं. यंत्राचंही जातं. "त्याला कुठं अंगठा हाय? त्याला विळा कवा लागला?"

मी भराभर लिहीत होते. यंत्र नको असं त्या म्हणत नव्हत्या. बंद करा असंही नाही. त्यांचं एवढंच होतं, आणि ते मी जसंच्या तसं उतरवलं: "शेजारीण चाळण न्यायला आली तरी दारातनं हाक मारते. माझा हात नेला, न् कुनी हाक पन नाय मारली."

मी वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली. म्हणाल्या, "दिल्लीला वाचतील?"

"वाचतील."

"शेठला नको कळाया. माझ्या पोरगीला रोह्याच्या एका कंपनीत त्यानंच लावलीय."

मी म्हटलं, "आमच्याकडून कुणाला कळत नाही."

आता इथं मला थोडं थांबावं लागतं. मॅडमनी ते पान वाचलं तेव्हा त्या खुर्चीतून उठल्या. इतक्या ठिकाणी फिरून त्यांना सगळ्यांनी "विचारलं होतं" एवढंच सांगितलं होतं. विचारलं नाही असं सांगणारं आणि ते पटवून देणारं हे पहिलंच माणूस. "शोभाताई, अख्ख्या अहवालाचा कणा आहे हा," त्या म्हणाल्या. मला तोपर्यंत कुणी असं काही म्हटलं नव्हतं. मी संध्याकाळपर्यंत हवेत होते.

सूर्य कलल्यावर शेठनी पोपटी लावली. ही तिकडची थंडीतली मजा. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यात वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा, मीठ. मडकं शेतातच उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. पाणी नाही, तेल नाही. मडकं उघडलं की असा वास येतो की बोलणारी माणसं गप्प होतात. मॅडमना फोन आला म्हणून त्या गाडीकडं गेल्या. मी शेठ आणि त्यांच्या बायकोबरोबर बसले होते. वहिनी फार प्रेमळ. सोललेल्या शेंगा माझ्या पानात टाकत होत्या, माझ्या पाठीचा रंग त्यांनीच रॉकेलनं काढला होता.

त्या हसत हसत म्हणाल्या, "मग, आमच्या बाया काय बोलल्या? बोलता तरी येतं का त्यांना? नुसत्या खी खी करत असतील."

वाईट हेतू नव्हता. पण मला लागलं. आठवी शिकलेल्या माणसाला हे वाक्य आयुष्यभर ऐकू येत असतं. मला वाटलं, तिसरी शिकलेली बाई काय बोलू शकते ते यांना कळू दे. माझ्या नजरेसमोर त्या वेळी शेठ नव्हतेच, फक्त ते हसणं होतं. मी वही काढली, म्हटलं, "वहिनी, असं नका म्हणू, हे ऐका," आणि ते चाळणीचं वाक्य मोठ्यानं वाचलं. नाव घेतलं नाही. माझ्या मते मी नियम पाळला होता.

वहिनी म्हणाल्या, "अगोबाई. छान बोलली की."

शेठ शेंग सोलत होते. सोलत राहिले. मग म्हणाले, "आखणीवाल्या आमच्याकडं दोघीच. दुसरी मुकी हाय."

मॅडम परत आल्या. शेठनी त्यांना कोंबडीचा चांगला तुकडा काढून दिला.

दुसरा दिवस

सकाळी आठला मी जोह्याच्या बसथांब्यावर उभी होते, मंदाताईंना कामावर जाताना गाठायला. त्या आल्या. डबा हातात, तोंडावर कालचं काहीच नाही.

"काढ गो ते."

मी का म्हणून विचारणार नव्हते. तरी तोंडातून निघालंच, "शेठ आले होते?"

"सातला आला. ओट्यावर बसला."

"काय बोलले?"

"काय नाय बोलला. चाय प्याला. पोरगीची शिफ्ट कुठली चाललीय इचारलं. रातची नको ना तिला, म्हनला. मी बोलतो म्हनला. चांगला बोलला."

"मंदाताई, माझ्यामुळं..."

"म्हायती हाय. तुझ्याबिगर कोन वाचनार?" त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी माझ्या पाठीकडं बघितलं. "निघला का डाग? बघ, मी सांगितलं व्हतं."

मी वही त्यांच्या डब्यावर ठेवली आणि पानावर आडवी रेघ मारली. खाली त्यांची सही लागते. त्यांनी माझं पेन धरलं ते ब्रश धरतात तसं, टोकापासून लांब, आणि श्वास रोखून नाव लिहिलं. बस आली. पेणची होती, आणि त्यांना कारखान्यात जायचं होतं. मीच चढले.

रोह्याच्या वाटेवर मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "कुणाकुणासमोर वाचलंत?" मी सांगितलं. "पान?" खोडलं म्हटलं. त्यांनी आपली वही मिटली. मग म्हणाल्या, "खोडलंत ते बरोबर केलंत." आधीचं चूक की बरोबर, ते बोलल्या नाहीत. नागोठण्याच्या पुढं गाडी थांबवून त्यांनी मला चहा पाजला.

रोहा, अष्टमी

रोहा कुंडलिकेच्या काठावर. कोकणात जाणारी रेल्वे इथून सुरू होते, असं तिथले लोक अभिमानानं सांगतात. आपल्या कयाधूला उन्हाळ्यात शोधावं लागतं. ही नदी भर जानेवारीत काठोकाठ वाटली. नदीच्या पलीकडं अष्टमी, मधे पूल. समितीच्या दोन खासदारांची बैठक अष्टमीतल्या एका सभागृहात होती. ऐन वेळी कागद कमी पडले, म्हणून मी झेरॉक्सला पुलावरून रोह्यात गेले आणि पळत आले. पुलावर कंपन्यांच्या बसगाड्या चालल्या होत्या, पहिली शिफ्ट सुटलेली. खिडक्यांत पोरी, कुणी झोपलेली, कुणी कानात वायर घातलेली. प्रत्येक खिडकीत मी बघत होते. मंदाताईंची पोरगी मी कधी पाहिलेली नाही, मग मी काय शोधत होते कोण जाणे.

सभागृहात कारखानदार होते, कंपनीचे दोघे होते, शेठही होते. त्यांनी मला ओळख दिली, पोपटी पचली का विचारलं. मी हो म्हटलं. कारागिरांच्या खुर्च्या मांडल्या होत्या, त्यावर कारखानदारांच्या फायली ठेवलेल्या. चहा वाटायचं काम मी आपणहून घेतलं, हात रिकामे नकोत म्हणून.

खासदारांपैकी एक वयस्कर बाई होत्या, दुसऱ्या राज्यातल्या, हिंदीत बोलत होत्या. कंपनीवाले पडद्यावर काय काय दाखवत होते, त्याकडं त्यांचं फारसं लक्ष नव्हतं. एकदम त्यांनी हात वर केला. "मुझे एक बात बताइए. जिनके हाथ से मशीन ने सीखा, उनसे पूछा गया था?"

"जी, सबसे पूछा था," शेठ म्हणाले. कंपनीवाल्यांनी माना हलवल्या.

बाई मॅडमकडं वळल्या. "डॉक्टर साहिबा, आपको किसी ने इससे अलग कुछ बताया?"

हा प्रश्न त्या इतक्या लांबून विचारायला आल्या होत्या. आणि त्याचं उत्तर माझ्या पिशवीत होतं, आडव्या रेघेखाली. मी ट्रे धरून भिंतीशी उभी होते. दोन पावलं पुढं गेले असते तर... किती वेळा मी मनात गेले आहे! पण ते बोलणं माझं नव्हतं. ते जिचं होतं तिनं परत घेतलं होतं, आणि एकदा मी तिचं बोलणं नको तिथं वाचून आलेच होते.

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं नाही. "मेरे पास ऐसा कोई बयान दर्ज नहीं है," त्या म्हणाल्या. अक्षर न् अक्षर खरं होतं. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुढचा प्रश्न विचारला.

परतताना आम्ही पेणला पापड घेतले. ऑफिसात सगळ्यांना वाटले. छान होते म्हणे.

पुणे

अहवाल झाला, त्याच्या प्रती मीच काढल्या, मीच बांधल्या. पेणबद्दल त्यात दीड पान आहे. यंत्र कसं चालतं, रंगकामाचा वेळ किती वाचतो, शेठसारख्या लहान कारखानदाराला कसली भीती वाटते, सगळं नीट आहे. मग एक वाक्य: "संमतीबाबत कारागिरांची कोणतीही हरकत आमच्याकडे नोंदलेली नाही." मॅडमनी ते तीनदा बदलून पाहिलं होतं. जास्त शब्द घालता येत नव्हता, कमीही करता येत नव्हता.

उन्हाळ्यात मंदाताईंचा फोन आला. पोरीचं लग्न झालं, ती पनवेलला गेली, कंपनी सुटली. आखणी आता सगळी यंत्रावर. मंदाताई घासकामाला, म्हणजे कच्च्या मूर्ती घासून गुळगुळीत करायला. "आता लिव गो माझं. आता कुनाचं भ्या हाय? सगळं लिव, साडीचं पन लिव."

मी मॅडमना सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी समितीला पुरवणी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. समितीचं काम उरकलं होतं, अहवाल जायचा तिथं गेला होता. हे मंदाताईंना कळवायला मी चार दिवस लावले. पाचव्या दिवशी दुपारी फोन केला, त्यांची जेवणाची सुट्टी बघून, आणि एकदाचं सांगून टाकलं. गावच्या अंकात लिहू का तेही विचारलं. "लिव, नाव बदल," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "दिल्लीच्या कागदात आमचं काय लिवलंय? वाच की."

मी प्रत उघडली. ते एक वाक्य वाचून दाखवलं.

पलीकडं कुणीतरी मूर्ती घासत होतं, त्याचा आवाज येत होता.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"हरकत व्हती ना गो पन," मंदाताई म्हणाल्या. "तुला म्हायती व्हतं."